आज काय शे?

पथारीवर जेवणाचा भोंगा नसतो.
सायजाबाई पाटीवर पाटी पालथी घालते,
तोच भोंगा.
मग देठ खुडणारे पंधरा-सोळा जोड हात
टाकीपाशी जातात, राख लावून धुतात,
धुऊनही तिखटच राहतात,
म्हणून माझ्या फोनला कुणी बोट लावत नाही.
हनुवटीनं सांगतात : वर. अजून वर. थांब.

मी मापारी. काट्याशी बसतो.
दोन गाड्यांच्या मधे जो वेळ सांडतो
त्याचं वजन कुठल्या पावतीत येत नाही.
त्या वेळात मी शोधून ठेवतो.

सोमवारी कुठल्याशा थंड देशातला म्हातारा होता,
गंजलेली सुरी घासत होता बावीस मिनिटं,
एक शब्द न बोलता.
आम्हीही बोललो नाही.
शेवटी त्यानं त्या सुरीनं एक कागद कापला.
झुंबरबाई म्हणाली, एवढ्यासाठी?
पण बावीस मिनिटांत उठली नव्हती.

मंगळवारी लेख. मोठा. मी वाचून दाखवला,
मधले अवघड शब्द गिळत :
शेणाचा गोळा ढकलणारा किडा
रात्री आकाशगंगा धरून सरळ चालतो.
रमिलाचं म्हणणं, गोळा तिनं शंभरदा पाहिला,
वर बघणारा किडा एकदाही नाही.
"रातले कधी दखं तू?"
रमिला गप्प.
त्या रात्री तिच्या नवऱ्याला वाटलं
बाई बॅटरी घेऊन शेळी शोधतेय.

आणि तो आठ हातांचा ऑक्टोपस. त्याला तीन काळजं.
सायजाबाईनं घास तसाच धरून विचारलं,
"मिरची लागनी ते तिन्ही जयतस का?"
लेखात हे नव्हतं.
लिहिणारा नंदुरबारला आलेला नसणार.

सगळंच रुचतं असं नाही.
रेती विंचरून नक्षी काढणाऱ्या बुवाला
दुसऱ्याच मिनिटाला हाकललं.
नदीतून बर्फाच्या लाद्या कापणारे आवडले,
ते एप्रिलसाठी राखून ठेव म्हणाल्या.

एकदा एका बेटावरच्या दिवेवाल्याची वही वाचली.
रोजची एक ओळ, वर्षानुवर्षं,
बहुतेक पानांवर नुसतं : वारा.
मुलगी गेली त्या दिवशीही : वारा.
तेवढ्यात आमच्याकडेही सातपुड्याकडून सुटला,
बी उडालं, सगळ्या शिंकल्या,
कोपरांनी डोळे पुसले.
कोण कशानं रडलं
हे पथारीवर विचारायची रीत नाही.

भुरीबाई कधी काही विचारत नाही.
त्या दिवशी भाकर बांधता बांधता म्हणाली,
"आपलं तेसले कोन दखाडस?"

मी हसलो. मग हसू राहिलं अर्धं.
काट्याच्या फळीवर चढून फोन धरला.
अकरा सेकंद :
लाल, लाल, एक कुत्रं कडेकडेनं,
पलीकडे सुरतेकडे जाणारी मालगाडी,
पदर तोंडावर घेतलेली भुरीबाई,
पुन्हा लाल.
एवढा लाल फोनलाही सोसेना,
सारखा धूसर होऊन डोळे चोळत होता.

पाठवलं, जिथे मी सगळं पाठवतो तिथे :
वापीच्या मेव्हण्याला,
आयटीआयच्या जुन्या पोरांना.
पोरांनी अंगठे दिले.
वापीहून संध्याकाळी आलं : टमाटे का?

दोन दिवस वापीवर राग होता.
मेव्हण्याच्या सात पिढ्यांची नावं
झुंबरबाईनं मला विचारून घेतली
आणि एकेक करून वापरली.

आज पाटीवर पाटी पडली.
"आज काय शे?"
कच्छात म्हणे उंट समुद्रात पोहतात,
खारफुटी खायला जातात पलीकडे.
अजून उघडलेलं नाही.
भुरीबाई हात धुतेय.