पाणी शिरण्याआधी

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, म्हणतात.
आमच्या कानाकमध्ये उलटं आहे:
ठिगळंच आभाळातून येतात,
एका बारक्या फटीतून, जिथून
शाळेचे धडे, दुकानाची बिलं
आणि नूकच्या डॉक्टरांचा चेहराही यायचा असतो.

मागच्या नोव्हेंबरात, सूर्य बुडून तीन आठवडे झालेले,
दवाखान्यातले अडतीस संगणक एकाच सकाळी जागे झाले
आणि अडतिसांनी वेगवेगळे हात पसरले वर
त्याच एका ठिगळासाठी.
तुकुम्मेकच्या पोटातलं बाळ
पडद्यावर अर्धं उमटून थांबलं.
डोकं होतं. पाय नव्हते.
डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं,
आणि ती माझ्याकडे बघत बसली,
जसं मीच अडवलंय बाळाला.

(बाळ सुखरूप आहे. हल्ली माझ्या कीबोर्डवर लाळ गाळतं.)

मग कोठारात, बँडेजच्या खोक्यांमागे
मी एक जुना सर्व्हर बसवला.
नाव ठेवलं इवालू: आमच्या बोलीत स्नायूचा दोरा,
ज्यानं आई सीलचं कातडं शिवायची.
भिजला की फुगतो तो,
सुईनं पाडलेलं छिद्र स्वतःच बुजवतो.

आता रात्री दोनला, कुत्रीसुद्धा गप्प असताना,
इवालू एकटी वर हात घालते,
एकच प्रत उतरवून घेते.
मी लगेच वाटत नाही.
आधी माझ्याच संगणकाला लावून बघते;
एकदा एका ठिगळानं सगळे प्रिंटर मुके केले होते,
ते अजून मला ऐकवतात.
दोन दिवस थांबून मंजुरी देते,
आणि मग नार्व्हलचे वाटे पडावेत तसे
खोलीखोलीत वाटे जातात.
फरक इतकाच की नार्व्हल वाटून संपतो,
हे वाटूनही तेवढंच उरतं.

परवा डोळे तपासायला आलेला म्हातारा कुलुतांगुआक
खुर्चीत खोळंबला. समोर पडदा निळा,
टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते.
"काय चाललंय?"
"ठिगळ लावतोय."
"पाणी शिरलं का आत?"
"नाही अजून."
त्यानं मान डोलावली. चाळीस वर्षं कयाक चालवलेला माणूस.
"मग वेळेवर आहे," म्हणाला,
आणि पार शंभर होईपर्यंत बसून राहिला,
फटफटायची वाट बघितल्यासारखा.

राहिली फक्त एक्स-रेची खोली.
ते यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी ठिगळं कापणं
चार वर्षांपूर्वीच सोडलं.
त्याची तार मीच उपटून ठेवली आहे;
इवालूचा दोरा तिथवर जात नाही.
छातीची, मोडक्या मनगटांची चित्रं
मी पेनड्राइव्हवर घेते
आणि दोन इमारतींमधल्या उणे एकोणतीसमधून चालत आणते,
हातमोज्यात, तळव्याच्या उबेशी धरून.