डबल बेल

गाडी आता वडाळ्यात उभी आहे,
मिठागराच्या भिंतीला नाक लावून.
आत अजून गाद्या आहेत, स्टोव्ह आहे, दोन ताटं,
आणि कुठेही हात घाला, वाळू :
चहाच्या डब्यात, रेडिओच्या जाळीत,
तांडेलच्या चष्म्याच्या घरात.

शाळेची भंगारातली बस होती.
दोघांच्या ग्रॅच्युइटीतून घेतली,
दोघांच्या बायकांची बोलणी खाऊन.
तो ड्रायव्हर, मी कंडक्टर,
वडाळा ते म्युझियम, म्युझियम ते वडाळा;
एकतीस वर्षं मी त्याची मान बघत आलो,
चेहरा नीट दिसला तो रिटायर झाल्यावर.

खाटा ठोकल्या, पाण्याची टाकी बसवली,
खिडक्यांना जुन्या चादरींचे पडदे.
सगळं झाल्यावर मी छताखालून एक दोरी ओढली
आणि पुढे पितळी घंटी बांधली.
आता कशाला, तांडेल म्हणाला.
असू दे, मी म्हटलं.

भुजच्या पुढे रस्ता इतका सरळ
की स्टिअरिंगला काम उरेना.
बाभळी, मीठ, मग तेही नाही.
आणि दर दोन फर्लांगांवर तांडेल
गाडी डावीकडे घ्यायचा, हळू करायचा.
"कोण उतरतंय?"
"सवय रे."
मग मी दोनदा दोरी ओढायचो. टण टण.
एका एकट्या मैलाच्या दगडापाशी
मी ओरडलोसुद्धा, चला, परळ टीटी!
तिथे एक सरडा होता.
चढला नाही.

लखपत. त्याच्यापुढे देश संपतो.
हत्ती जाईल एवढा दरवाजा, लांबच लांब तट,
आणि आत घरं बोटांवर मोजण्याइतकी.
इथे बंदर होतं म्हणे, नदी होती.
भूकंप झाला, नदीने कूस बदलली.
"मग जकात घेणारे किती दिवस बसले असतील,
होड्यांची वाट बघत?"
तांडेलने विचारलं, आणि तटावर चढून
पलीकडच्या पांढऱ्या सपाटीचा वास घेतला
कोळ्याच्या नाकाने.
शिवडीला त्याच्या बापाची होडी लागायची
तिथे आता ट्रक धुतात.
हे तो बोलला नाही. मीही नाही.

निघालो तर दरवाजाबाहेर एक म्हातारी,
मनगटाला रक्ताळलेलं फडकं, काखेत करडू.
तिने हात केला.
नुसता हात, बसला करतात तसा.
एकोणीस दिवसांत पहिला.
तांडेलने गाडी अशी लावली
की पायरी बरोबर तिच्या पायाशी आली.

तिला दयापरच्या दवाखान्यात जायचं होतं.
मी खाटेखालून पत्र्याची पेटी काढली,
चोरून ठेवलेल्या गड्डीतलं तिकीट फाडलं,
चिमट्याने टोचलं. करडाचं अर्धं.
पैसे नको म्हटलं तर म्हातारी रागावली;
ओढणीची गाठ दातांनी सोडून
पाचाचं नाणं माझ्या तळव्यावर दाबलं तिने.
सुट्टे माझ्याकडे नव्हते.
कधीच नसायचे.

टण टण.
पुढे ती मान एकदा हलली, जुन्यासारखी,
मागे वळून न बघता.

आता काचेवर पालिकेचा कागद आहे, सात दिवसांत हलवा.
तांडेलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
संध्याकाळी येतो, स्टिअरिंगपाशी बसतो,
मी माझ्या जागी, मागे.
काल पिशव्या घेतलेली एक बाई
काचेवर टकटक करून म्हणाली,
सायनला जाते का हो?

नाही, मी म्हणालो.

तांडेल तासभर माझ्याशी बोलला नाही.