एकाहत्तरावा दिवस

पहाटे पाचला सागरमाळावर कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.
मी कुलूप काढतो, चप्पल बदलतो.
(आमच्याकडं पोरीसुद्धा 'काढतो'च म्हणतात.
पुण्याच्या परीक्षकांनी दोनदा दुरुस्त केलं, सुटलं नाही.)
इनक्युबेटर उघडतो. सदतीस अंश.
आईच्या कुशीइतकं, असं मगदूम सर पाहुण्यांना सांगतात.
मला ती भाकरीच्या बुट्टीतली, फडक्याखालची ऊब वाटते.

शहाण्णव खळगे, गुलाबी पाणी,
प्रत्येकात मोहरीएवढा एक गोळा.
कुणाच्या तरी दंडाची कातडी होती ती,
तिला उलटं चालवत मूळपेशीपर्यंत नेलं,
तिथून ती काहीही होऊ शकली असती :
यकृत, नख, पापणी.
आम्ही तिसऱ्या दिवशी हे पाजलं, आठव्या दिवशी ते,
बाकी सगळं व्हायचं विसरायला लावलं
आणि म्हटलं, कान हो.

याआधीची खेप ऑगस्टात गेली.
पंचगंगा चढली, तीन रात्री वीज नाही,
उद्यमनगरातनं डिझेलचा कॅन मांडीवर घेऊन आलो
तोवर पाणी पिवळं पडलं होतं.

हुपरीत आई पैंजणांना घुंगरू लावायची.
लावून झालं की कानाशी धरून हलवायची.
शंभरात एखादा मुका निघायचा :
आत दाणा नसायचा, नाहीतर झाळ शिरलेली असायची.
न बघता बाजूला टाकायची.
बाळाक्काचा कान म्हणजे काटा, असं शेठ म्हणायचा.
मग टीबी. बरा झाला, परत आला.
रोज एक सुई, नव्वद दिवस.
टीबी गेला.
आधी बारीक घुंगरू गेले,
मग कुकरची शिट्टी,
मग मी.

डॉक्टर भला होता, कागदावर लिहून दाखवलं :
औषधानं जीव वाचला, कानातले केस मेले.
ते परत उगवत नाहीत.
आई मोठ्यानं म्हणाली,
"कानात केस तुझ्या आज्ज्याच्या हुते. माझ्या कुठलं?"

आज काही गोळे कापले, रंगवले.
अंधाऱ्या खोलीत, भिंगाखाली, हिरवे
केस.
उभे, ताठ, एका बाजूला भांग पाडल्यासारखे.
माझा हात बटणावरच राहिला.
सर बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले,
"आल्यात की, राजमती. पण ह्या ऐकायच्या नव्हेत.
ह्या तोलाच्या."

एकाच कानात दोन संसार :
एक आवाजाचा, एक खाली-वर ओळखायचा.
आपल्या मनानं वाढू दिलं
की पेशी बहुतेकदा दुसऱ्या घरात जातात.
वहीत लिहिलं, अपेक्षित प्रकार नाही.
पेन झाकलं. पुन्हा उघडून तारीख घातली.

संध्याकाळी हुपरीला गेलो. लाइट गेलेली.
आई खाटेवरनं उठली,
हात भिंतीला लावला आणि चालू लागली, पाय फाकवून,
जणू जमीन होडीसारखी.
बॅटरीच्या उजेडात दिसला
खाटेपासून मोरीपर्यंत
कमरेच्या उंचीवर
तळव्यानं काळा केलेला पट्टा.
बारा वर्षांचा.
चुना देताना मीच त्यावरनं दोनदा ब्रश फिरवला होता,
तेल लागलंय म्हणून चिडलो होतो.

ती सुई दोन्ही घरांत शिरली होती.
कानाचं सगळ्यांनी विचारलं.
भिंतीचं कुणी नाही, मी तर नाहीच.

तिला फोनवर फोटो दाखवला.
"गवात हाय?"
मान हलवली, नाही.
"मग काय?"
तिचा तळहात ओढून घेतला,
बोटानं लिहिलं : तोल.

तिनं मूठ मिटली, जरा वर-खाली केली,
चांदी अजमावतात तशी.
"किती भरला?"