भेसळ

दवाखान्याच्या मागच्या बोळात मी तीस मीटर मोजलेत.
दर तीन मीटरवर पिवळी पट्टी,
दोन्ही टोकांना नारिंगी शंकू,
भिंतीला टेकून एक खुर्ची, लागलीच तर.
लोताच्या कोळशाच्या खाणी कधीच बंद झाल्या,
पण फुप्फुसांना ते कुणी कळवलेलं नाही.

म्हातारे येतात. बोटाला चिमटा लावून घेतात
आणि चालतात. सहा मिनिटं. येरझारा.
मी दर मिनिटाला एकच वाक्य बोलायचं,
तेही छापील:
"छान चाललंय. पाच मिनिटं उरली."
"असंच चालू द्या. चार उरली."
"वा रे वाघा" म्हणायची परवानगी नाही.
शेजारून चालायची तर नाहीच.
सोबतीने माणूस लांब जातो,
आकडा बिघडतो.

रोसामेल इनोस्त्रोसा, वय एकाहत्तर : दोनशे अठ्ठ्याऐंशी मीटर.
ओतोनिएल कारीपान, वय चौऱ्याहत्तर : दोनशे शहाण्णव.
एका पाळीचे दोघं. एकाच पिंजऱ्यातून खाली जायचे,
तिथून पुढे आडवे, समुद्राच्या पोटाखालून,
वर बोटी मासे धरत असतील ह्या हिशोबाने
कधी कधी वर बघून हात हलवायचे.
(हे रोसामेलने सांगितलं. दम लागलेला असताना.
मी नोंदवलं नाही.)

लिफाफे जाड कागदाचे,
दिव्यासमोर धरले तरी आतलं दिसू नये असे.
रोसामेलच्या लिफाफ्यात निघाला व्यायाम :
आठवड्यातून तीनदा सायकल, पायऱ्या,
दंडाला वाळूची पिशवी,
आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास,
जणू कुणी सूप निववतंय.
ओतोनिएलच्या लिफाफ्यात निघालं माहितीपत्रक.
चष्मा नव्हता. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं,
चार घड्या घालून खिशात ठेवलं.
"म्हणजे मला पावती," तो म्हणाला.
ह्यावर माझ्याकडे छापील वाक्य नव्हतं.

बारा आठवडे. आखाताकडून ओला वारा,
जिन्याचे कठडे गंजून हाताला लागायचे.
मग पुन्हा चिमटा, पुन्हा शंकू.
रोसामेल : तीनशे एकेचाळीस.
ओतोनिएल : तीनशे सत्तेचाळीस.
मी फीत काढून बोळ पुन्हा मोजला.
तीसच भरला.

"काय केलंत?"
ओतोनिएल चोरी पकडल्यासारखा खुर्चीत बसला.
मग सांगू लागला : संध्याकाळी कोळ्यांच्या धक्क्यावरून वर वस्तीपर्यंत
एकशे चौदा पायऱ्या आहेत.
रोसामेल इथून शिकून यायचा, तिथे शिकवायचा.
पिठाच्या गोणपाटाची पिशवी शिवली.
चुकलं की शिव्या द्यायचा, अगदी मुकादमासारख्या.
"खाली एकाचा दिवा विझला
तर दुसऱ्याने आपला घेऊन पुढे निघून जायचं का, बाई?"

कोन्सेप्सियोनहून डॉक्टर रेताम्लेसचा फोन आला.
त्या रागावल्या नाहीत, फक्त थकल्यासारख्या बोलल्या.
आमच्या शास्त्रात ह्याला भेसळ म्हणतात.
दुधात पाणी, पिठात खडू,
आणि एका गटात दुसऱ्या गटाचा श्वास.
तशा आणखी नऊ जोड्या सापडल्या.
लहान गाव. सगळ्यांना सगळ्यांचे जिने ठाऊक.

शेवटी अहवालात छापून येईल :
दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.
मी हे वाक्य पुष्कळदा वाचलं.
त्यात खोटं काही नाही.
फरक त्यांनी राहूच दिला नव्हता.

तक्त्यात कारणाचा रकाना असतो :
आजार, स्थलांतर, मृत्यू, इतर.
"इतर"पुढे वीस अक्षरांची जागा.
पेन बराच वेळ तिथेच थांबलं, मग मी लिहिलं "शेजार"
आणि उरलेली घरं रिकामी सोडली.

नियमाप्रमाणे पत्रक परत मागावं लागतं.
ओतोनिएल म्हणाला, शेगडी पेटवायला वापरलं.
पहिल्याच थंडीत.
"कागद बरा होता," म्हणाला,
"पण धूर फार करत होता."