त्रेपन्नचा आकडा

लोखंड घोगरं बोलतं, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
चांदी किंचाळते.
तांब्याचा जुना पैसा खणखणीत,
शाळा सुटल्याच्या टोलासारखा.
आणि सोनं?
सोनं मध्येच कुठंतरी पुटपुटतं, त्रेपन्नच्या आकड्यावर,
जिथं बिअरच्या कॅनची कडी पुटपुटते,
चॉकलेटची चांदी,
डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

गोदीत सव्वीस वर्षं क्रेनखाली काढली,
कान अर्धे तिथंच राहिले.
तरी हेडफोन चढवला की
वर्सोव्याची वाळू मला ऐकू येते.
अष्टमीला जात नाही. भांगाचं पाणी, ओसरतं कुठं?
पुनवेला जातो, साडेपाचच्या सुकतीला,
समुद्र लांब गेलेला असतो
आणि कुत्री अजून माझ्यावर भुंकायची असतात.

मशीनला एक बटण आहे: नको ते गाळ.
पहिल्याच आठवड्यात दाबलं.
वाळू एकदम शहाण्या मुलीसारखी गप्प.
तीन पहाटा सुखात चाललो, पाठ न वाकवता.
मग मुस्तकीम भंगारवाला तराजू पुसत म्हणाला,
चाचा, कडी गाळली ना,
तर अंगठी पण गाळली.

तेव्हापासून सगळं खणतो.
बुचं. छत्रीच्या काड्या.
एक किल्ली, जिचं दार आता कुणी तोडलं असेल.
कड्या, कड्या, कड्या.
खरकटं काढणाऱ्या बाईसारखी बोटं झालीत,
न बघता कळतं, हे काय.
पण हातात आल्यावर.
आधी नाही. आधी कधीच नाही.

माघात एक बाई आल्या चारबंगल्याहून, चपला हातात.
तुम्ही शोधून देता म्हणे.
अंगठी पडली, म्हणाल्या, त्या दगडी बांधापाशी.
पडली म्हणाल्या,
पण हात दाखवला तो फेकल्याचा,
खांद्यावरून, लांब.
मी काही बोललो नाही.
बांध सोडला आणि हात गेला होता तिकडं चालत राहिलो.

चार पहाटा.
त्रेपन्न: कडी.
त्रेपन्न: कडी.
त्रेपन्न: ओल्या वाळूचं नुसतंच खोटं.
त्रेपन्न,
आणि फावड्यात वाळू खाली ओघळताना एक पिवळी रेघ
जी गंजली नव्हती, काळवंडली नव्हती,
जशी काही काल संध्याकाळीच टाकली होती.
आतून कोरलेलं: हेरंब. पुढे एक तारीख.

बाईंनी ती उन्हात धरली.
फिरवली. वाचली.
वाचताना ओठ हलले त्यांचे, तारखेपर्यंत.
नाही, म्हणाल्या. ही माझी नाही.
मी म्हटलं, बाई, नीट बघा.
नाही म्हणाले ना मी.
पाचशेची नोट दिली, चार घड्या घातलेली,
आधीच ठरवून आणल्यासारखी.
मी घेतली. चार पहाटांचे गुडघे होते त्यात.

दहा पावलं गेल्या, परत आल्या.
किती खाली होती?
वीतभर.
वीतभरच?
आणि गेल्या, चपला हातातच.

मुस्तकीम महिनाअखेरीला येतो,
डबा तराजूत उलटा करतो,
कड्या ॲल्युमिनियमच्या भावाने नेतो.
सोनाराकडे जायला मला वीस मिनिटं पुरतात,
नाक्यावरच दुकान आहे, ओळखीचं.
पण ज्या वस्तूला मालकिणीनं ओळख दिली नाही
तिचे पैसे कुठल्या खिशात ठेवतात?
अंगठी टाकली डब्यात, बाकीच्यांबरोबर.
मुस्तकीमला म्हटलं, या खेपेला राहू दे.
तो डब्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

रात्री झोप येईना.
उठलो, मशीन चालू केलं,
डब्यावरून एकदा फिरवलं.
त्रेपन्न, म्हणालं ते,
आतल्या सगळ्यांच्या वतीनं.