इर्बिदमधलं दुसरं वर्ष

पहिल्याच आठवड्यात प्लंबर म्हणाला, बुकरा, इन्शाल्ला.
बुकरा म्हणजे उद्या, हे मी वहीत लिहून घेतलं
आणि लेक्चर बुडवून दिवसभर नळापाशी बसले.
तो चौथ्या दिवशी आला.
माझ्या रागाकडे असं बघत राहिला
की उद्या ही वस्तू
त्याच्या हत्यारांच्या पिशवीत कधी नव्हतीच.

शिंकले की वर्ग क्षणभर थांबायचा.
आधी मी देवाचे आभार मानायचे,
मग त्यांनी मला दुआ द्यायची, अशी रीत.
मला ठाऊक नव्हतं. नुसतं सॉरी म्हणायचे.
धुळीचा महिना, रोजच्या पाच-सहा शिंका,
कितीतरी दुआ त्यांच्या ओठांवरच
अडकून राहिल्या असतील.

न्हाऊन बाहेर आले की घरमालकीण,
उम्म कुतैबा, जिन्यातून हाक देते: नईमन!
सुखाचं होवो, असं काहीसं.
मी मराठी शब्द शोधला. सापडला नाही.
आपल्याकडे न्हालेल्या माणसाला
केस पूस, सर्दी होईल,
एवढंच म्हणतात.

रमजानात, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत,
मातीच्या नमुन्यांच्या खोक्यांआड
मी बाटली उघडली.
झाकणाचा तो एवढासा आवाज.
आणि नेमकी सुहैर आली, चाळणी न्यायला.
दुपारचे तीन. तिचे ओठ भेगाळलेले.
तिनं बाटलीकडे पाहिलं, चाळणी उचलली,
दार बाहेरून हळूच ओढून घेतलं
आणि तिथंच उभी राहिली,
दुसरं कुणी आत येऊ नये म्हणून.
मला पाणी गिळता येईना.

सूर्य बुडाल्यावर तिनं पहिला खजूर
माझ्या हातावर ठेवला.
मी उपास नव्हता केला, म्हटलं.
ती म्हणाली, भूक तर लागली असेल ना?
आणि मसूरच्या सूपचं झाकण काढायला लागली.

काल व्हिडिओवर आईनं विचारलं, येणार कधी?
जूनमध्ये, इन्शाल्ला, मी म्हणाले.
तोंडातून गेलंच.
पलीकडे शांतता. मग,
म्हणजे नक्की नाही का गं?
मी समजावत बसले, नक्कीच, म्हणजे
आपल्या हातात असेल तितकं नक्की,
कुणाला सांगतेय याचं भान न ठेवता.
दारातून निघताना
हिनं मला एकदाही जाते म्हणू दिलं नाही.
विमानतळावरसुद्धा, रांगेतून परत बोलावून
येते म्हण, म्हणाली होती.

बरं, ये, आई म्हणाली.
आणि केस पूस आधी.