भोकं मोजायचं काम

सरकारनं मला भोकं मोजायला ठेवलंय.
नेवाडाच्या या उजाड डोंगरांत
कुणी कुणी खणली आणि बुजवायला थांबले नाहीत, ती.
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा फोटो,
काठावर चार खुंट आणि काटेरी तार.

आज लुसिंडा सिटी.
सिटी म्हणायला तेव्हा माणसं लागत नसत,
उमेद पुरायची.

डेल्बर्ट सावली शोधून पिकअप लावतो.
सावली एकच आहे, बँकेच्या तिजोरीची.
बँकेच्या विटा कोणीतरी कधीच उचलून नेल्या,
उघड्यावर ही खोली तेवढी राहिली,
लोखंडी दार अजून कुलूपबंद.
मागची भिंत नाही.
आम्ही मागून आत शिरतो, आतून दार ढकलून बघतो.
बंद म्हणजे बंद.

मुख्य रस्त्याला दोन्हीकडे जोती आहेत, घरं नाहीत.
जळाली का, मी विचारते.
नाही, डेल्बर्ट म्हणतो, गेली.
चांदी आटली तशी लोकांनी घरांखाली ओंडके सरकवले,
खेचरं जुंपली
आणि चुलीसकट नेली चौदा मैलांवरच्या नव्या गावी.
त्याच्या पणजीचं घर असंच गेलं म्हणे,
पडदेसुद्धा काढले नव्हते.
मागे राहिली ती, ज्यांना चालता आलं नाही:
दगडी शाळा, भट्टीचं धुराडं, तुरुंग.

आमच्याकडे फायदा झाला की चांदी झाली म्हणतात,
मी त्याला सांगते.
इथं खरंच झाली होती, तो म्हणतो. सहा वर्षं.

गावकुसाबाहेर, कोरड्या ओढ्याशी
लम फूकची लाँड्री. तीन भिंती, एक फुटकं घंगाळ.
सगळ्या गावाचा मळ त्याच्या हातून जायचा,
तो मात्र गावात राहायचा नाही.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हजेरीच्या खोलीत एक फळी आहे. साठ खिळे.
खाली उतरताना पितळी बिल्ला सोबत न्यायचा,
वर आलं की परत अडकवायचा.
बिल्ले हौशी लोकांनी नेले असणार,
पण लाकडावर गोल फिकट ठसे उरलेत
देव हलवल्यावर देव्हाऱ्यात उरतात तसे.
एक्केचाळीसखाली ठसा नाही.
पेन्सिलीनं नाव: जेबेझ ट्रेगेन्झा.
बिल्ला खिशात राहिला असेल, मी म्हणते,
घराबरोबर तोही गेला असेल चौदा मैल.
हो, तसंच असेल, डेल्बर्ट म्हणतो.
आमचं दोघांचं जरा जास्तच पटकन पटतं.

मग मोठी विहीर. म्हणजे खाणीची, पाण्याची नव्हे.
एकोणीस वर्षांत
हिशेब, भांडण, डॉक्टरला दुखणं सांगणं, सगळं इंग्रजीत गेलं,
दगड टाकल्यावर मात्र मी मराठीत मोजते.
एक.
दोन.
तीन.
चार.
पाचाला काहीतरी. पाणी नाही, खडक नाही,
कुणी झोपेत कूस बदलावी तसं.

उन्हं उतरल्यावर फॉर्म भरायला बसले.
खोली. रुंदी. धोका: फार.
सध्याचा वापर
इथं रेघ मारणार, एवढ्यात भोकातून वारा आल्यासारखा झाला
आणि वटवाघूळ. एक. मग ओंजळभर.
मग मोजणंच सुटलं.
डबे विसरलेली, बोलत बोलत निघालेली
एक अख्खी रात्रपाळी.

म्हणजे हे बुजवता येणार नाही.
आडव्या सळयांची जाळी लागेल,
मध्ये पावणेसहा इंच:
पंख जाईल, माणूस जाणार नाही.
डेल्बर्टनं माप लिहून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली.
मी अजून रकान्यातच.

पिकअप वळताना दिवे तिजोरीवर पडले.
दार सगळं गंजलेलं,
हँडल तेवढं लखलखीत.
येणारा प्रत्येक जण
एकदा ओढून बघत असणार.